झाकण लागेपर्यंत

अक्का तो नवस बोलली होती इस्पितळाच्या जिन्यात, उभ्या उभ्या, हातात रिकामा थर्मास घेऊन. नवस बोलायची ही काही जागा नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण वर तीन नंबरच्या वॉर्डात तिचा धाकटा भाऊ सतरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता, तोंडातून शब्द काढत नव्हता, आणि घरच्या देवापुढे जाऊन हात जोडण्याइतकी सवड कुठे होती? तिनं तिथंच डोळे मिटले. म्हणाली, "देवा, याला घरी येऊ दे. हा वाजवायला बसेल तेव्हा मी शेजारी बसेन. यानं स्वतःच्या हातानं पियानोचं झाकण लावेपर्यंत खुर्चीतून उठायची नाही."

उपास बोलणं सोपं, अनवाणी चालणं सोपं. नुसतं बसून राहण्याचा नवस किती अवघड असतो, हे या धाकट्याच्या घरात राहिलेल्यांनाच कळेल.

वडील पियानो दुरुस्त करायचे. एका शाळेनं टाकून दिलेला उभा पियानो त्यांनी घरी आणला, तारा बदलल्या, आणि विकायचा विकायचा म्हणत तो बाहेरच्या खोलीत कायमचा राहिला. धाकटा पाच वर्षांचा असताना त्याच्यापुढे जाऊन बसला तो बसलाच. बाराव्या वर्षी मंचावर. एकोणिसाव्या वर्षी अख्खं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. आणि बाविसाव्या वर्षी, त्याच सभागृहात, तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मधेच उठून बाहेर गेले. धाकट्यानं पट्ट्यांवरचे हात उचलले ते पुन्हा ठेवलेच नाहीत. शेकडो माणसं वाट बघत बसली, आणि हा मागच्या दारानं चालत घरी!

"ऐकणारं माणूस उठलं की सूर तुटतो," एवढंच तो म्हणाला.

घरी तर कहरच होता. पियानोच्या डाव्या हाताला एक वेताची खुर्ची. त्यात कुणीतरी बसलेलं हवं. कुणीतरी म्हणजे अक्का, दुसरं आहे कोण? आणि ती उठली, अगदी गॅस बारीक करायला उठली, तरी हा थांबायचा. ती परत येऊन बसली की पुन्हा पहिल्यापासून. जिथं सोडलं तिथून नव्हे, पहिल्यापासून!

"अरे, मधून धर ना बाबा," अक्का कपाळाला हात लावून म्हणायची.

"मधून कसं धरू? तू काय मधून जन्मलीस?"

अक्काचे यजमान चष्म्याच्या दुकानातून आले की दारातूनच विचारायचे, "कितव्यांदा?" आणि अक्का बोटं दाखवायची.

त्यानं स्वतः रचलेली एक चीज होती. अर्ध्या तासाला थोडी कमी. कागदावर सगळी उतरवलेली, शेवट सोडून. अक्का म्हणायची, लिहून ठेव की शेवट. तर म्हणे, "लिहिला की कुणीही वाजवेल. आधी एकदा कुणीतरी बसून ऐकायला हवा."

मग तो बोलेनासा झाला, इस्पितळात गेला, आणि अक्काचा नवस फळला. धाकटा घरी आला. रोज दुपारी चारला तो पियानोपुढे आणि अक्का खुर्चीत. दूध उतू गेलं, दोरीवरचे कपडे भिजले, अक्का हलली नाही. पण शेवटाच्या जवळ आला की तो आपणच हात उचलायचा. "आज नाही." लाल लोकरी कापड पट्ट्यांवर पसरायचा आणि झाकण लावायचा. तीन महिने हे चाललं. मग एका दुपारी त्यानं टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली, तिच्या चिठ्ठीवर आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं, 'शेवट'. म्हणाला, "अक्का, आज."

सव्विसाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली.

अक्का बसून राहिली. बेल पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा तर वाजवणाऱ्यानं बोट काढलंच नाही, नुसती खणाणत राहिली. अक्काच्या डोक्यात तिडीक गेली. "आलेच हं, एक मिनिट," ती म्हणाली आणि उठली.

दारात कुणी नव्हतं. पायरीवर नाही, फाटकात नाही. रस्ताभर नुसतं ऊन. ती पुटपुटत आत आली तर खोली रिकामी, मागचं दार सताड, झाकण उघडं, आणि टेप आपली फिरतेय. तिनं खटकन बटण दाबून ती बंद केली. चिडली होती ती. पुढं आयुष्यभर तिला तेच आठवत राहिलं, की त्या वेळी ती चिडली होती.

धाकटा अनवाणीच गेला होता. कोपऱ्यावरच्या वळणावर ट्रक आला. ड्रायव्हर रडत रडत सांगत होता, इतका हॉर्न वाजवला, त्यांना ऐकूच आला नाही. त्याला! ज्याला तीन घरं पलीकडचा ठिबकता नळ ऐकू यायचा, त्याला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं पियानोचं झाकण उघडंच होतं. लाल कापड वर घडी करून ठेवलेलं, त्यानं ठेवलं होतं तसं. अक्का रोज कोरड्या फडक्यानं एकेक पट्टी पुसायची. चुकून एखादी दाबली जाऊन सूर उमटला की स्वतःच दचकायची.

"अगं, झाकण लाव ना," यजमान म्हणायचे. "किती धूळ बसते."

"ते त्यानं लावायचंय."

"आता तो येणार आहे का लावायला?"

"मग धूळ बसेल. तुम्हाला पुसायला सांगितलीय का मी?"

आणि मग संगीतसंस्थेचं पत्र आलं. एक नाही, पाच आली. धाकट्याचं सगळं वादन गोळा करून जपून ठेवायचं होतं. जिवंतपणी ज्यांनी त्याला लहरी, विक्षिप्त म्हणून सोडून दिलं, त्यांना आता तो हवा होता. अक्कानं चार पत्रं फडताळात टाकली. पाचव्यात लिहिलं होतं की मोठी रचना 'अपूर्ण' या नावानं छापली जाईल. ते वाचून मात्र ती पेटली.

"अपूर्ण? अपूर्ण कसली? शेवट होता त्याच्याकडे. उठले मी!"

"मग तसं कळव त्यांना," यजमान म्हणाले. "पूर्ण आहे, फक्त आमची ही उठली."

कॅसेट घराबाहेर जाणार नाहीत, इथं येऊन काय ते उतरवून घ्या, असं तिनं कळवलं. म्हणून त्या दिवशी जेवणं उरकल्यावर संस्थेची मुलगी आली. पाठीवर बोजा, गळ्यात हेडफोन. यजमानांनी तिचं नाव लगेच हेडफोनवाली ठेवून टाकलं. मुलगी कामाची होती. पियानोशेजारच्या टेबलावर तिनं आपला कॅसेटचा डेक मांडला, संगणक मांडला, दोन लहान स्पीकर लावले. वायरी ठेवायला जागा हवी म्हणून सहज पियानोच्या झाकणाला हात घातला, तर अक्का एवढ्या जोरात "हां!" म्हणाली की बिचारीच्या हातातली वायर पडली.

बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेट होत्या. दहा तर वैतागाचाच संग्रह. प्रत्येकीत धाकटा सुरू करतो, कान टवकारून ऐकावं असं वाजवतो, आणि मग खुर्ची करकरते आणि सगळं बंद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खुर्ची. एकीत मोठी शिंक होती.

"ही माझी!" यजमान खुश झाले. "नाव घालाल ना माझं?"

"इतकं सुंदर वाजवायचे," हेडफोनवाली हळूच म्हणाली, "आणि एकही पूर्ण नाही..."

"माझा जीव खाल्ला त्यानं," अक्का म्हणाली. "अजून खातोय."

अकरावी कॅसेट हातात घेतली तेव्हा घड्याळात चारला पाच कमी होते. नऊ वर्षांत अक्कानं ती कधीच ऐकली नव्हती. तिच्यात काय आहे हे तिला माहीत होतं. सव्विसाव्या मिनिटाला बेल, खुर्चीची करकर, आणि आपलाच आवाज, 'आलेच हं, एक मिनिट.' तो तिला ऐकायचा नव्हता. पण संस्थेला तर ऐकायचाच होता. ती वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून पियानो हाताच्या अंतरावर.

चारला सूर सुरू झाले.

खोलीत लख्ख ऊन होतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. फक्त कुठून तरी त्याच्या केसांच्या तेलाचा वास आल्यासारखं झालं, आणि अक्काला वाटलं, पोरीनंच लावलं असेल. नवव्या मिनिटाला वाऱ्यानं खिडकी आपटली. अक्का ती लावायला उठली.

पियानो थांबला. टेपवरचा.

"अगं बाई," हेडफोनवाली वाकून बघायला लागली. "इथं तुटलंय वाटतं." तिनं कॅसेट बाहेर काढली. टेप कुठंच तुटली नव्हती. तिनं कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन डेकचा भाग पुसला, टेप मागे गुंडाळली, पुन्हा लावली. अक्का बसली. या वेळी नववं मिनिट सरळ पार झालं.

"बघा, कचराच होता," मुलगी म्हणाली.

चौदाव्या मिनिटाला आतला फोन वाजला. यजमान काही उठेनात. "मीच का नेहमी?" असं म्हणत अक्का उठली.

पियानो थांबला. आतला फोनही गप्प.

अक्का उभीच राहिली. कुणी न सांगता तिला कळलं होतं. ती सावकाश मागे आली आणि खुर्चीत बसली. वेत करकरला.

आणि स्पीकरमधून सूर सुरू झाले... पहिल्यापासून.

हेडफोनवालीचे हात टेबलावर होते. तिनं काहीही दाबलं नव्हतं. "अक्का," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "टेप पुढेच जातेय... मागे आलीच नाही. पुढे जातेय, आणि ते पहिल्यापासून वाजवतायत..."

यजमान शिंक अडकल्यासारखं तोंड करून उभे होते. अक्काला मात्र भीती वाटायच्या आधी संताप आला, इतका जुना, ओळखीचा संताप, की डोळ्यांत पाणी आलं. "नऊ वर्षं झाली! नऊ! मेल्यावर तरी माणूस जरा समजून घेतो की नाही?"

सूर चालूच होते.

"वाजव," ती म्हणाली. "वाजव बाबा. बसलेय मी. काही हात लावू नकोस गं पोरी. अहो, तुम्ही पण गप उभे राहा. न्हाणीघरात नळ चालू राहिलाय, वाहू दे."

नळाचं पाणी बादली भरून वाहायला लागलं. पंधरा मिनिटं. वीस. भिंतीवरचं ऊन पियानोवर सरकलं. पांढऱ्या पट्ट्या त्यात अशा उजळल्या होत्या की त्यांवर कुणाची सावली पडलेली असती तर दिसली असती. सावली नव्हती. पण मधूनच एखादी पट्टी... नाही, अक्कानं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

सव्विसावं मिनिट.

बेल वाजली.

हेडफोनवालीनं पडद्याकडे बघितलं. सुरांबरोबर पडद्यावरची हिरवी रेघ वरखाली होत होती. बेलला मात्र रेघेनं दाद दिली नव्हती. मुलीनं मान हलवली. "टेपवर नाही," तिचे नुसते ओठ हलले. "इथलीच आहे."

बेल पुन्हा वाजली. यजमान भिंतीला धरून कडेच्या खिडकीपाशी गेले. तिथून दाराची पायरी दिसते. बराच वेळ ते बघत राहिले.

"कोण आहे?" अक्कानं न हलता विचारलं.

"कुणी नाही गं..." ते काचेला नाक लावून म्हणाले. "पण बटण... बटण आत गेलंय. दाबून धरल्यासारखं. आणि बोट नाही."

तिसऱ्यांदा ती खणाणत राहिली. मग थांबली. आणि दाराबाहेरून हाक आली.

"अक्का... दार उघड ना. चपला राहिल्या माझ्या."

त्याचाच आवाज. तोच हेल, तीच जराशी घोगरी कड. नऊ वर्षांत तिनं तो झोपेत ऐकला होता, नळाच्या धारेत ऐकला होता. अक्काचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आले. वेत करकरायला लागला. सूर किंचित डळमळले, जिना उतरताना पाय अडखळावा तसे.

"अक्का, पाय भाजतायत गं..."

यजमान दाराकडे निघाले होते. "थांबा!" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात भांडण होतं. "कुठं निघालात? तो नाहीये तो."

"अगं, आवाज तर..."

"असू दे आवाज! तो इथं वाजवतोय ना? वाजवताना मधे बोलेल धाकटा? अहो, घराला आग लागली असती तरी बोलला नसता. जन्मभर या एका गोष्टीसाठी छळलंन मला, आणि आता स्वतःच मधे बोलेल?"

ती मागे टेकून बसली. घट्ट.

दारावर एक थाप पडली, सपाट हाताची. मग काही नाही.

आणि मग तिघांनी तो शेवट ऐकला. तो मोठा नव्हता. सगळे सूर एकेक करून कमी होत गेले, गर्दी पांगावी तसे, आणि उरले फक्त दोनच. एक वरचा, एक खालचा. पुन्हा तेच दोन. अक्काला आधी कळेना हे कुठं ऐकलंय, आणि मग तिनं ते ओळखलं. दिवेलागणीला दारात उभं राहून ती त्याला खेळातून घरी बोलवायची, ती हाक. शब्द नसलेली, नुसते तिचे दोन सूर. त्यानं ती तशीच्या तशी ठेवली होती. शेवटची हाक वाजली आणि लांब विरत गेली, घरात शिरल्यासारखी.

कुणी हललं नाही. अक्का वाट बघत होती.

खोलीत लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला. हलका, जपून केलेला. तो स्पीकरमधून आला नव्हता.

पियानोचं झाकण लागलेलं होतं.

अक्का उठली. गुडघे धरले होते. तिनं दोन बोटांनी झाकण जरासं उचलून बघितलं. पट्ट्यांवर लाल कापड पसरलेलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही सुरकुती नाही. तिनं झाकण परत टेकवलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, नळ!" आणि धावली.

हेडफोनवाली कॅसेट हातात धरून बसली होती. एका बाजूला तीस मिनिटांची टेप. ती सलग त्रेचाळीस मिनिटं फिरली होती.

रचना पूर्ण छापली गेली. 'अपूर्ण' हा शब्द अक्कानं स्वतः खोडून घेतला. तिला वाटलं, नवस फिटला, आता सगळं शांत. धाकट्याच्या बाजूनं झालंही शांत. पियानोतून पुन्हा कधी काही आलं नाही, आणि ती दुपारची तासभर झोपायला लागली.

मग महिन्याभरानं संस्थेतल्या एका वयस्कर शिक्षकांचा फोन आला. ती उतरवलेली प्रत त्यांनी ऐकायला घेतली होती. संस्थेच्या तळघरात, गादीच्या भिंतींच्या, बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या खोलीत. सव्विसाव्या मिनिटाला बेल वाजली, आणि ते सवयीनं उठले.

"मग?" अक्कानं विचारलं.

"त्या खोलीला बेलच नाही, अक्का." ते म्हणाले. "आणि तेव्हापासून रोज चारला माझ्या घरी ते सूर सुरू होतात. माझ्याकडे पियानो नाही. मी बसतो हो, रोज बसतो... पण सव्विसाव्या मिनिटाला दारावर माझी बायको हाक मारते. जाऊन चार वर्षं झाली तिला. मी उठतोच. रोज उठतो."

अक्का वैतागली. हल्ली तिला भीतीच्या आधी वैताग यायचा, आणि तोच बरा पडायचा. "मला एक सांगा. तुम्ही गाणं ऐकत असताना त्या कधी मधे हाक मारायच्या?"

"नाही," ते म्हणाले. "ती तर पाय न वाजवता चालायची..."

"मग बसा," अक्का म्हणाली. "एवढंच तर मागतोय तो."

ते बसले की नाही, अजून निरोप नाही. त्या दाराशी कोण उभं राहतं आणि त्याला धाकट्याचा शेवट का नको आहे, हे अक्कालाही माहीत नाही. पण ती प्रत आता पुष्कळ हातांत गेली आहे. उद्या तुमच्या घरी, भर दुपारी, लख्ख उन्हात, कुठूनसे ते सूर ऐकू आले तर घाबरू नका. मूल चांगलं होतं हो, नुसतं हट्टी. म्हणून आजच, दिवा लावाल तेव्हा, अक्कासारखंच तुम्हीही एवढं बोलून ठेवा: झाकण लागेपर्यंत उठणार नाही. बेल वाजेल, वाजू द्या. हाक येईल, अगदी ज्या हाकेची तुम्ही वर्षानुवर्षं वाट बघताय तीच येईल... बसून राहा. झाकण लागलेलं ऐकू आलं की मग उठा.

आणि नाही ऐकू आलं, तर बसूनच राहा.